जीपची चाकं

नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, त्या वर्षीची गोष्ट. सौसरच्या भगवंतरावांनी सासऱ्यांनी दिलेल्या मोटारीची चाकं निकामी झाली म्हणून तिला मिलिटरीच्या लिलावातली जीपची चाकं आणली. बोल्ट बसले, पण वळताना चाक मडगार्डला घासायचं. मिस्त्री म्हणाला, "मडगार्ड कापा." भगवंतरावांच्या बायको मनकर्णाबाई आडव्या आल्या.

"माह्या बाबानं देलेल्या गाडीले करवत लावाल, तर पाहा!"

"मग काय पांढुर्ण्यापर्यंत सरळच चालवू? वळूच नको?" भगवंतराव वैतागले आणि पुन्हा चाक काढायला बसले.

तेवढ्यात लोधीखेड्याहून सासऱ्यांचा गडी सायकल हाणत आला. मनकर्णाबाईंनी त्याचा निरोप ऐकला आणि मिस्त्रीची करवत उचलून नवऱ्याच्या हातात दिली.

"कापा लवकर. बाबाले दवाखान्यात न्यायचं आहे."