फोकसची चाकी

डॉक्टरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, दुर्बिणीला डोळा लावला आणि कुणाला न विचारता फोकसची चाकी फिरवली. "हां, आता आलं. कडं कसं स्वच्छ दिसतंय."

गच्चीवरच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या काकूंचं लक्ष शनीकडे नव्हतं, डॉक्टरांच्या बोटांकडे होतं. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. दुर्बीण काकांनी स्वतः आरसा घासून बनवलेली. चाकीला दुसऱ्याचं बोट लागलं की त्यांच्या कपाळावर आठी ठरलेली. आज मात्र ते नुसते हसले. डॉक्टर बाजूला झाल्यावर त्यांनी चाकी परत आपल्या डोळ्याला जुळवून घेतली आणि विचारलं, "चला, पुढे कोण?"

पुढे काकू होत्या.

त्या स्टुलावर चढल्या. चष्मा काढूनच बघायचं, नाहीतर भिंगाला चरा पडतो, हा काकांचा नियम. आणि चष्मा काढला की काकूंना हातावरची रेघ न् रेघ दिसायची, पण समोरच्या माणसाचं नाक दिसायचं नाही. शनीच्या जागी नेहमीचाच पिवळा फराटा होता. इतकी वर्षं त्या फराट्यालाच 'छान दिसलं हो' म्हणून त्या खाली उतरत आल्या होत्या. दोष आपल्याच डोळ्यांचा, त्यांच्या कौतुकावर विरजण कशाला.

आज त्या उतरल्या नाहीत. त्यांनी चाकीवर हात ठेवला.

"अगं, हात लावू नकोस. बिघडेल."

"डॉक्टरांनी लावला तेव्हा नाही बिघडलं."

मागे कुणीतरी खोकलं. काकांनी काकूंचं बोलणं हसण्यावारी नेलं. काकूंनी चाकी फिरवली तसा फराटा आणखीच फुगला, मधोमध काळं भोक पडलं. उलटी फिरवतेयस, उतर, मी लावून देतो, असं म्हणत काका पुढे सरसावले. काकूंनी कोपरानं त्यांचा हात बाजूला सारला आणि चाकी दुसरीकडे वळवली. भोक मिटलं. फराटा आकसत आकसत एवढासा झाला, आणि मग एकदम तो समोर होता. टपोरा गोळा, भोवती कुठेही न टेकलेलं कडं, मध्ये काळी फट.

पृथ्वी फिरते तसा शनी सरकत कडेला गेला. काकूंनी नळी अलगद ढकलून त्याला परत मध्ये आणलं. मग डोळा न काढता हात मागे पसरला.

"तो बारका आयपीस द्या. ज्यातून मोठं दिसतं तो."

डोळा लावायचं ते भिंग सगळ्यांना द्यायचं नसतं, काका सांगू लागले. त्याचा फोकस फार नाजूक, पुन्हा पहिल्यापासून जुळवावा लागतो. पसरलेला हात तसाच राहिला. शेवटी काकांनी पेटी उघडली.

काकूंनी मोठा आयपीस काढून त्यांच्या हातात दिला, बारका बसवला आणि पुन्हा चाकी धरली. रांग खोळंबली.

"काकू, आम्हालाही बघू द्या की," शेजारीण म्हणाली. "तुमचा काय, घरचाच शनी. रोज बघता."

"नाही हो," काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मी आज पहिल्यांदाच बघतेय."

काका हातातला आयपीस रुमालानं पुसत राहिले.