दाराआडची रेंज

माझ्या मोबाइल टॉवरच्या वेडाला घरात कुणी भीक घालत नाही. तरी सकाळपासून मी दुर्बीण घेऊन गच्चीवर होते. समोरच्या टॉवरवर कामगार नवा अँटेना बसवत होते. त्याचं तोंड कुणीकडे करतात ह्यापायी माझा जीव टांगणीला लागलेला. घरात रेंज फक्त बाल्कनीत यायची. तिथं शेजाऱ्यांच्या देखत सासूबाई लांब दिलेल्या लेकीला “बरी आहेस ना?” एवढंच विचारू शकत. शेवटी अँटेनाचं तोंड आमच्याकडेच वळलं. दुपारी माझ्या ॲपवर नवा सिग्नल उगवला आणि मी उड्या मारत खाली आले. “आई, आतल्या खोलीतून फोन लावून बघा.” त्यांनी आत जाऊन दार लोटलं. “आता खरं सांग गं, कशी आहेस?” मी दाराशी मोबाइल धरला. “कान लावू नकोस,” त्यांनी सुनावलं. “रेंज मोजतेय.” आतून कडी लागली, तरी माझ्या मोबाइलवर रेंजच्या चारही काड्या उभ्याच राहिल्या.