वाटीवालं दगडफूल

महागावच्या पुढे रस्ता रुंद होत होता आणि त्याच्या आड एक जुना आंबा येत होता. त्याच्या बुंध्यावरचं दगडफूल यादीतलं दुर्मिळ निघालं तर आंबा वाचणार, साधं निघालं तर दुपारी पडणार. ते ठरवायला कॉलेजातून पायल आली होती आणि तिचं डोकं पार चक्रावलं होतं.

दगडफुलाच्या दोन जाती, सख्ख्या बहिणीच म्हणा ना. एकीच्या अंगावर बारक्या वाट्या, दुसरीच्या कडेला पांढरं पीठ. यादीत वाटीवाली साधी, पीठवाली दुर्मिळ. पण सकाळपासून पाहिलेल्या चाळीस झाडांवर या दुर्मिळ बाईंचाच सुळसुळाट! आणि साधी म्हणावी ती सापडली फक्त या आंब्यावर.

मुकादम पूनमसिंग झाड कापणाऱ्यांना थोपवून कंटाळला होता. "मॅडम, साधं लिहा न मोकळ्या व्हा."

यादी खोटी की डोळे? पायलने भिंग पुसून पुन्हा पाहिलं. वाट्याच होत्या.

शेवटी तिने सावलीत बसलेल्या मैनाबाईला गाठलं. या म्हातारीचा जन्म दगडफूल काढून मसालेवाल्यांना विकण्यात गेला होता.

"मावशी, वाटीवालं झाडांवर दिसतच नाही. आमच्या लोकांनी बाजारातली पोती तपासली, तर पोत्यापोत्यात तेच. म्हणून तर यादीत साधं लिहिलं."

मैनाबाई हसत सुटली. "काय वो बाई तुमचं शिक्षण! पीठवाल्याले वासच नाही, ते कोण तोडते? वाटीवालं मसाल्यात घमघमते. जे बजारात ढिगानं आलं, ते झाडावर कुठून राहीन?"

इतकी साधी गोष्ट! पायलला स्वतःचीच लाज वाटली. "मग या आंब्यावर कसं राहिलं?"

"याच्यावरचं मी या उन्हाळ्यात तोडणार होती."

पायलने फॉर्मवर 'दुर्मिळ' लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि पेन थांबलं.

"मावशी, साक्ष तुमची लागेल. पण मग याच्या दगडफुलाला कोणालाच हात लावता येणार नाही."

म्हातारीचं हसू मावळलं. "मले बी?"

"तुम्हालाही."

मैनाबाईने उठून आंब्यावरच्या वाट्यांवरून एकदा अंगठा फिरवला. मग तिने अंगठा पदराला पुसला.

"शाई आणली काय वो?"