डॅशबोर्डातली टकटक

थंडीत सकाळी गाडी सुरू केली, की डॅशबोर्डाच्या आतून कोणी दार ठोठावल्यासारखी टकटक येते. साऱ्या गावाचं तोंड मी बंद करते, पण या आवाजापुढे हात टेकले. सून मयुरी पोटुशी, आठवा महिना, तिले वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचं, अन् गाडी अशी.

कारंज्याहून मिस्त्री बोलावला. "काकू, थंडीनं प्लास्टिक आकसते."

"आकसते तं गुमान आकसावं! ठोकून काऊन राह्यलं?"

शेवटी त्यानं डॅशबोर्डाचं कव्हर उचकटलं अन् अंगणातल्या बाजेवर ठेवलं. माझ्या लेकानं, गजेंद्रनं, चावी फिरवली.

टकटक बाजेवरून आली.

मिस्त्री मागं सरकला. कोण हाक मारते, कोण ठोठावते हे ठाऊक नसलं, तर आमच्याकडे ओ देत नाहीत. मयुरीले हे मीच शिकवलेलं. पण माझं डोकं तापलं होतं.

"काय पायजे बे तुले?" मी ओरडली.

आवाज तिथंच थांबला.

"पाह्य माय, घाबरला तुले!" गजेंद्र हसला.

मयुरी हसली नाही. दोन्ही हात पोटावर धरून ती उभी होती.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "आता इथून ठोकून राह्यलं."