नमुन्याचा जोड

"फुटला का?" गोरक्षनाथनं विचारलं.

"न्हाई," आसाराम म्हणाला आणि पायातले बूट काढून त्यानं धाकट्या भावापुढं ठेवले.

गोरक्षनाथनं एक बूट उलटा केला. तळाच्या शिवणीत नख घालून पाहिलं. टाच अंगठ्यानं दाबली. मग बूट भिंतीकडं ढकलून दिला. पाच महिने दर रविवारी हे असंच चाललं होतं.

दोघं भाऊ सुप्याच्या एका फौंड्रीत भट्टीवर होते. गेल्या साली सांडलेल्या वितळत्या लोखंडावर गोरक्षनाथचा पाय पडला. सात महिन्यांतच बुटाचा तळ फाटला होता. उजव्या पायाची तीन बोटं गेली. दवाखान्यात बूट कापून काढला, तेव्हा तळात रबराखाली पुठ्ठा निघाला. ते बूट नगरच्या कटारे शेठनं पुरवलेले. वर्षभर टिकतील असं त्यानं कंपनीला लिहून दिलं होतं. चौकशीत म्हणाला, कामगारानं नीट वापरले नाहीत.

यंदा पुन्हा त्याचाच माल घ्यायचं घाटत होतं. पण मॅनेजर कुलथे साहेबांनी अट घातली. आधी एक जोड सहा महिने कामगाराच्या पायात राहील, टिकला तरच ऑर्डर. कोण घालतो, असं विचारल्यावर आसारामनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. हा जोड त्याला टिकू द्यायचाच नव्हता.

भट्टीवर तर घातलाच. सुटी झाली की तेच बूट घालून घरी आला, तेच घालून कांद्याला दारं धरली, तेच घालून मुरमाड माळावर शेळ्यांमागं फिरला. चिखलात भिजवले, उन्हात वाळवले. कातडं पांढरं पडलं. शिवण काही सुटली नाही.

त्या रविवारी मात्र त्याला आणखी सांगायचं होतं.

"बिस्तरवारी लोखंडाचा रस उसळला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ह्याच बुटावर पडला. वरचं कातडं करपलं, बघ. आत पायाला साधा फोड न्हाई."

गोरक्षनाथनं हातातली भाकरी ताटात ठेवली. करपलेल्या कातड्यावरून अंगठा फिरवला.

"म्हंजी त्याला येत हुतं," तो म्हणाला. "चांगला बूट करायला त्याला येत हुतं."

त्या दिवशी तो जेवला नाही.

सहा महिने भरले. कटारे पेढ्यांचा पुडा घेऊनच साहेबांच्या ऑफिसात आला. आसारामनं बूट टेबलावर ठेवले. काठी टेकत गोरक्षनाथही आला आणि दाराशी उभा राहिला.

"बोल आसाराम. टिकले?" साहेबांनी विचारलं.

आसारामनं भावाकडं पाहिलं. एका 'नाही'वर कटारे झोपला असता. गोरक्षनाथनं मानेनंच खुणावलं. खरं ते सांग.

"टिकले, सायेब. आजून सा म्हैने टिकतील."

"मी म्हटलंच होतं!" कटारेनं पुडा उघडला.

"पन ह्यो नमुना हाय," गोरक्षनाथ पुढं आला. "आमच्या येळंलाबी नमुना आसाच आसंल." त्यानं खिशातून चामडं कापायची रापी काढली, टेबलावरचा बूट उचलला आणि तळ उभा चिरला. रबर, कातडं, मधे पोलादी पत्रा. पुठ्ठा कुठंच नव्हता. "सायेब, मला आता भट्टीवर उभं ऱ्हाता येत न्हाई. हे काम मला द्या. दर गाडीतला एक जोड मी निवडनार, सगळ्यांम्होरं आसाच कापनार. आत पुठ्ठा निघाला तर आक्खी गाडी माघारी. आनि कापताना शेठ सोता हजर पायजेत. मानूस पाठवायचा न्हाई."

"अहो, धंद्यात असं कुठं असतं का?" कटारे साहेबांकडं वळला.

"मग ऑर्डर नको?" साहेब म्हणाले.

कटारेनं पेढ्यांचा पुडा मिटला.

पहिला टेम्पो आला तो दुपारच्या सुटीत. खोकी आवारात उतरली. कामगार डबे तसेच ठेवून भोवती जमले. कटारे लिंबाच्या सावलीला उभा राहू पाहत होता. गोरक्षनाथनं त्याला उन्हात, अगदी समोर बोलावलं.

मग तो काठी टेकत खोक्यांच्या थप्प्यांच्या कडेनं चालला. एकदा गेला. परत आला. पुन्हा गेला.

"घे की कुठलाही," कटारे म्हणाला.

सगळ्यात तळाचं खोकं गोरक्षनाथनं ओढायला लावलं आणि त्यातही खालचा जोड काढला. स्टुलावर बसून उजवा बूट मांडीत घेतला. रापी चालली. रबर, कातडं, पत्रा. चिरेत बोट घालून त्यानं टोकापासून टाचेपर्यंत चाचपलं. पुन्हा चाचपलं. पुठ्ठा नव्हता.

कामगारांत समाधानाची कुजबुज झाली. एकट्या गोरक्षनाथचा चेहरा उतरला.

कटारेनं रुमालानं कपाळ पुसलं. खाली गोरक्षनाथच्या उजव्या पायाकडं बघू नये म्हणून तो आभाळाकडं बघत होता.

"पटली ना खात्री?" तो म्हणाला. "आता मिटलं म्हणायचं. निघू मी?"

गोरक्षनाथनं चिरलेला बूट बाजूला ठेवला आणि जोडीतला डावा उचलला.

"थांबा, शेठ," तो म्हणाला. "दुसरा पाय ऱ्हायलाय आजून."