दारातला लाल डाग

आता घरोघरी अंगणात लोखंडी खुंट्या होत्या. रोज सकाळी सुगंधाबाई त्यांतून जमिनीत वीज सोडायच्या. कारखान्याचं विषारी पाणी मुरलं असेल तिथून ती सहज वाहायची आणि भिंतीवरच्या पडद्यावर तेवढी जागा लाल व्हायची. मग सुगंधाबाई तोच डाग दारात लाल रांगोळीने काढायच्या. हळूहळू सगळी गल्ली काढू लागली.

कारखान्याचे दाभाडेसाहेब आले. "हे पुसून टाका. लोक घाबरतात."

"पुसते की. तुम्ही आधी खालचं पुसा."

साहेबांनी बुटाने रांगोळी फिसकटली आणि ते तरातरा आपल्या बंगल्याकडे गेले. उंबऱ्याशी त्यांची बायको वाकून बसली होती. तिच्या चिमटीत लाल रंग होता.

"पाय सांभाळा," ती वर न बघता म्हणाली. "आपल्याही दारात आलंय."