ओला फडका

फुलंब्रीच्या अलीकडच्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. कारभारीनं ब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावला आणि आधी मागं जाऊन बायकोकडे बघितलं. सारजाबाई ट्रकच्या हौद्यात पोत्यांवर पडली होती. पहाटेपासून तिला जुलाब-उलट्या चालू होत्या. डोळे खोल गेले होते, ओठांना चिरा पडल्या होत्या. उशाशी पाण्याचा तांब्या होता. तेवढंच पाणी उरलं होतं.

"आलं का औरंगाबाद?"

"आलंच. गाडी जरा दम खातीय."

कारभारी थाप मारत होता. ही मिलिटरीची गाडी मे महिन्याच्या दुपारी काय नखरे करते, ते पिशोरमध्ये त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलीस ॲक्शननंतर छावणीतल्या लिलावात त्यानं ती घेतली, त्याला बारा वर्षं झाली होती. इंजीन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पेट्रोल पुढं जायचं बंद व्हायचं. मग पंपावर ओला फडका टाकायचा, तो सुकू द्यायचा नाही, आणि थोड्या वेळानं हँडल मारायचं. औषध सोपं होतं, पण त्याला पाणी लागत होतं. सोबत आणलेला डबा रेडिएटरनं मागच्या थांब्यावरच पिऊन टाकला होता. नाला कोरडा ठाक, रस्त्यावर चिटपाखरू नाही. नुसती उभी ठेवली असती तरी गाडी गार झाली असती, पण त्या उन्हात दोन तास गेले असते. सारजाबाईला तेवढा वेळ आहे का, हे सांगणारं तिथं कोणी नव्हतं.

त्यानं तांब्या उचलला. उलट्या होणाऱ्या माणसाला पाणी देऊ नये असं लोक म्हणतात, ते त्याला नेमकं आत्ता आठवलं. माणसाला सोयीचं तेवढं बरोबर वेळेवर आठवतं.

"घोटभर द्या," सारजाबाई म्हणाली.

"अगं, गाडीला लागतंय. चालू झाली की तासाभरात डाक्टरपुढं हायेस तू."

गाडी दारात आली त्या दिवसापासून सारजाबाई तिला धाकटी सवत म्हणायची. दसऱ्याला बैलांच्या आधी गाडीला हार, बॉनेटवर हळद-कुंकू, केबिनमध्ये चढताना नवऱ्यानं चपला काढून ठेवणं, हे सगळं तिनं मुकाट्यानं पाहिलं होतं. आता ती हसली, का कळ येऊन तिचं तोंड वाकडं झालं, ते कारभारीला समजलं नाही.

"पाजा धाकटीला," ती म्हणाली. "मी थांबते."

त्यानं पटक्याचं टोक फाडून पंपाला गुंडाळलं आणि त्यावर थेंब थेंब पाणी सोडायला लागला. रडू फुटत होतं. तळाशी एक घोट त्यानं राखून ठेवला होता, तिच्यासाठी. हँडल मारलं, इंजीन नुसतं खोकलं. फडका वाळून कोरडा झाला होता. तो राखलेला घोटही त्यानं फडक्यावर ओतला.

पुढच्या हँडलला गाडी धडधडली.

"झाली बघ चालू!" तो ओरडला. मागून काही उत्तर आलं असं त्याला वाटलं. इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही, आणि तो बघायलाही गेला नाही. थांबलं तर पुन्हा बंद पडेल, असं त्यानं मनाला बजावलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं सारजाबाईचं मनगट धरलं, पापणी उघडून पाहिली.

"वाटेतच गेल्या. घोट घोट पाणी पाजत आणलं असतं, तर…" डॉक्टर म्हणाला.

आता तिला परत न्यायचं होतं. कारभारी गाडी मागच्या दाराशी लावायला गेला, तर गाडी चालूच होईना. तो पायरीवर बसून राहिला. फाटकावरचा चौकीदार फकिरा काठी टेकत जवळ आला. आत काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं गाडीवरून प्रेमानं हात फिरवला.

"उस्ताद, जर्मनच्या लढाईत मी असलीच चालवली, तिकडं मिसर देशातल्या वाळूत. पंप तापला ना?"

कारभारीनं मान हलवली.

"उन्हात लई सतावते. ओला फडका टाकला का?"

"टाकला व्हता. व्हतं नव्हतं तेवढं पाणी गेलं त्याच्यात."

फकिरा हसला. "पाणी कशाला नासवता उस्ताद? आमाला वाळूत प्यायला पाणी नाय, तर हिला कुठलं? फडक्यावर मुतायचो आमी. लगेच चालू व्हायची."

कारभारीनं हळद-कुंकवाच्या बॉनेटकडे बघितलं.

"गाडीवर?"

"मग? तिला काय कळतंय उस्ताद? लोखंड ते."